सीटमागची टाकी

सॅक्रामेंटो शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेला तोंड करून मोटार हाकायला लागलं, की रस्त्यावर एक हिरवी पाटी दिसते : 'ओशन सिटी, मेरीलँड – ३०७३'. हे आकडे मैलांचे. कुठेही दुसरा रस्ता न धरता असेच चालत राहा, तीन हजार त्र्याहत्तर मैलांवर अटलांटिक समुद्र लागेल, असा त्या पाटीचा मथितार्थ. मुंबईला निघताना लोणावळ्यापर्यंत पुरेल एवढा फराळ बरोबर बांधून घेणाऱ्या माझ्यासारख्या पुणेकराला ही पाटी वाचूनच भूक लागते.

अमेरिकेचा हा ५० क्रमांकाचा हमरस्ता. कॅलिफोर्नियातली हिरवी शेतं मागे टाकून तो सिएरा नेवाडाचा डोंगर चढतो, टाहो सरोवराच्या कडेनं जातो, पलीकडे उतरून कार्सन सिटी गाठतो आणि फॅलन नावाच्या गावानंतर एकदम अबोल होतो. १९८६ साली 'लाइफ' मासिकानं नेवाडा राज्यातल्या या रस्त्याला 'अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता' असं नाव दिलं. इथे पाहण्यासारखं काही नाही आणि अंगात तग धरण्याची विद्या असल्याशिवाय इकडे फिरकू नका, असा त्या मजकुराचा सूर होता. दुसरं एखादं राज्य रागावलं असतं. नेवाडावाल्यांनी हसून त्याचीच जाहिरात केली. वाटेवरच्या गावागावांतून शिक्के मारून आणायची पुस्तिका छापली आणि शिक्के पुरे करणाराला 'मी तगलो' असं प्रशस्तिपत्र द्यायला सुरुवात केली. शाळेतल्या पहिल्या नंबरापेक्षा मला या प्रशस्तिपत्राचं अप्रूप जास्त वाटलं.

रस्ता एकाकी म्हणजे किती, ते आकड्यांत सांगतो. फॅलनहून ऑस्टिन ११० मैल. मध्ये मिडलगेट नावाचा एक लहानसा थांबा, बाकी काही नाही. ऑस्टिनहून युरेका ७० मैल आणि युरेकाहून ईली ७७. मुंबई-पुण्याहून जास्त अंतर तोडायचं, आणि वाटेत ना चहाची टपरी, ना वडापाव, ना पंक्चर काढणारा. डोंगराची एक रांग चढायची, पलीकडे उतरायचं, ताटासारखं सपाट खोरं ओलांडायचं, की समोर दुसरी रांग हजर. या मुलखातल्या नद्यांनाही समुद्राची भेट नाही. आपली कृष्णा महाबळेश्वरला जन्मून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. इथल्या नद्या डोंगरातून उतरतात आणि वाळवंटातच जिरून जातात. म्हणूनच या प्रदेशाला 'ग्रेट बेसिन' म्हणजे मोठं खोरं म्हणतात. १८६० च्या एप्रिलपासून १८६१ च्या ऑक्टोबरपर्यंत 'पोनी एक्स्प्रेस'चे घोडेस्वार टपालाच्या पिशव्या घेऊन याच भागातून दौडत गेले. पुढचा ताजा घोडा कुठे मिळेल, ही त्यांची विवंचना. आजच्या प्रवाशाची विवंचना, पुढचा पेट्रोलपंप कुठे! दीडशेहून अधिक वर्षांत प्रश्न बदललेला नाही, फक्त दाण्याच्या जागी पेट्रोल आलं आहे.

अशा या रस्त्यानं ऑक्टोबरात, दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली असताना, मी आणि आमचे जावई ईलीला निघालो, ते एका टाकीसाठी.

त्याचं असं झालं. माझी मुलगी सॅक्रामेंटोला असते. जावई संगणकाच्या धंद्यात. दिवसभर पडद्यावर जे काम करतात ते हातात धरता येत नाही, याची त्यांना खंत. तेव्हा हातात धरता येईल असं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी ईलीच्या एका गृहस्थांकडून १९६९ सालचा शेव्हरोलेटचा पिकअप ट्रक विकत घ्यायचं ठरवलं. पुढे तिघांच्या बैठकीची केबिन, मागे उघडा हौदा, निळा रंग उन्हानं विटलेला. जावयांनी फोटो दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा साखरपुड्याच्या वेळी होता तसाच झाला होता.

मुलीनं फोटो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "पेट्रोल कुठे भरायचं?"

या ट्रकाचं पेट्रोल भरायचं तोंड चालकाच्या दाराच्या मागे, केबिनच्याच अंगाला असतं. कारण टाकी केबिनच्या आत असते. अगदी आत! बसायची सीट आणि तिच्या पाठीमागचा पत्रा यांच्यामधल्या जागेत, ही एवढी उभी पेटी. सुमारे वीस गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबानं पंचाहत्तर लिटर पेट्रोल बसणाराच्या पाठीला पाठ लावून बसलेलं. ही कुणा एका कारखान्याची लहर नव्हती. त्या काळी अमेरिकेतल्या आणखीही पिकअप ट्रकांत टाकी अशीच सीटमागे असे. त्यात सोयही होती. टाकी खालच्या दगडधोंड्यांपासून वाचे आणि शेतकऱ्याला मागचा हौदा सबंध मोकळा मिळे. १९७३ च्या नव्या ट्रकांत टाकी केबिनबाहेर गेली. पण जुन्या ट्रकांत ती आहे तिथेच आहे, आणि पन्नास वर्षांत तिच्या तोंडाजवळची रबरी नळी वाळून तडकते. दोष कुणाचाच नाही. रबराचं आयुष्य तेवढंच.

"बाबा, तुम्हीच सांगा यांना," मुलगी मला म्हणाली. "आपलं गॅरेज घराला लागून. तिथेच पाणी तापवायचा गॅसचा बंब, त्याच्या पोटात जाळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवरून सरपटत जाते. वर दिवाळी, दारात पणत्या. मी त्या गाडीत बसणार नाही, पोरीला बसू देणार नाही, आणि ती गाडी गॅरेजात येणार नाही."

मला माझी आई आठवली. आमच्या शनिवारातल्या दोन खोल्यांत स्टोव्ह होता, पण रॉकेलचा डबा कधी स्वयंपाकघरात राहिला नाही. तो गॅलरीत, कोपऱ्यात, वर पत्र्याचं झाकण. पावसात भिजत जाऊन स्टोव्हपुरतं रॉकेल आणावं लागे. वडील म्हणत, "आत ठेवला तर काय बिघडेल?" आई उत्तर देत नसे आणि डबाही आत आणत नसे. विज्ञान तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण जळणारी वस्तू आणि निजणारी माणसं एका खोलीत नसावीत, एवढं तिला ठाऊक होतं. तेव्हा मी जावयांची बाजू घेणं शक्यच नव्हतं.

जावई शहाणे. त्यांनी वाद घातला नाही, चौकशी केली. अमेरिकेत जुन्या गाड्यांचे नवे भाग घडवून विकणं हा मोठा धंदा आहे. मूळ कारखान्यानं न केलेला, पण नेमका त्याच सालच्या त्याच गाडीला बसेल असा भाग टपालानं घरपोच येतो. तशी एक ॲल्युमिनियमची टाकी त्यांनी मागवली. ती मागच्या हौद्याखाली, चासीच्या दोन लांब तुळयांच्या मधोमध बसायची होती. ट्रक विकणाऱ्या गृहस्थांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "टाकी इकडेच घेऊन या. मी बसवून देतो. माझ्या दारातून ती गाडी तशी जायला नको."

ईली हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहा हजार फुटांवरचं गाव. महाबळेश्वराहून दोन हजार फूट उंच, पण झाडं बेताची आणि वारा फुकट. वस्ती चार हजारांच्या आसपास. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे तांब्याच्या खाणी भरभराटीला आल्या आणि त्या तांब्यासाठी १९०६ पर्यंत इथवर आगगाडी आणली गेली. त्या आगगाडीचं आता संग्रहालय झालं आहे. कोळशाची इंजिनं अजून धूर सोडत चालतात आणि शहरी मंडळी तिकीट काढून तो धूर खातात. गावात १९२९ साली उघडलेलं सहा मजली 'हॉटेल नेवाडा' आहे. एके काळी ती राज्यातली सर्वांत उंच इमारत होती. लास व्हेगासचे मनोरे पाहून आलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, पण ईलीची माणसं ते अजून गंभीरपणे सांगतात.

आमचे यजमान ऐंशी ओलांडलेले. उंच, वाकलेले, बोटं मुळ्यांसारखी. तरुणपणी खाणीवर यंत्रं दुरुस्त करायचे. १९७८ साली खाण बंद पडली तेव्हा निम्मं गाव उठून गेलं. हे घराच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या दुरुस्त करत राहिले. ट्रक त्यांनी १९६९ साली कोरा घेतलेला. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. आता दृष्टी मंदावल्यामुळे गाडी चालवणं थांबलं होतं. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणू लागलो, वास्तविक माझ्याहून ते बारा-तेरा वर्षांनीच मोठे.

त्यांच्या कामाची पहिली पायरी मला फार आवडली. हत्याराला हात लावण्यापूर्वी त्यांनी शेडमधली शेगडी विझवली. विझवली कसली, आदल्या रात्रीच विझवून ठेवली होती. बाहेर पाणी गोठवणारी थंडी आणि आम्ही दोन्ही दारं सताड उघडी टाकून कुडकुडत उभे. मग बॅटरीची तार सोडवली. जुन्या टाकीतलं पेट्रोल नळीनं पत्र्याच्या डब्यांत काढलं, डबे लांब अंगणात नेऊन ठेवले. "भरलेल्या टाकीला लोक भितात," आजोबा म्हणाले. "रिकामीला भ्यावं. भरलेलीत पेट्रोल असतं, रिकामीत वाफ असते." रिकामी टाकी वेल्डिंग करायला घेतलेला त्यांच्या ओळखीचा एक माणूस पुढे कधी कामावर आला नाही, एवढं सांगून त्यांनी तो विषय संपवला.

सीटचे बोल्ट निघाले, सीट बाहेर आली. मागे ती काळपट पेटी दिसली. वरच्या नळीला बोट लावलं तर रबराचा भुगा हाताला आला. नळी सोडवली, काट्याची तार सोडवली, पट्टे सैल केले, आणि जावई नि मी दोघांनी ती टाकी बाळंतिणीला उचलावं तशा काळजीनं बाहेर काढली. त्या क्षणी केबिनमध्ये जो वास उठला, तो मी अजून विसरलो नाही. पन्नासहून अधिक वर्षं सीटच्या काथ्यात मुरलेलं पेट्रोल होतं ते.

दुसऱ्या दिवशी नवी टाकी बसवायची. इथे एक अडचण असते. या ट्रकात स्टेपनी हौद्याखाली, मागच्या टोकाला टांगलेली असते, आणि नव्या टाकीची जागा नेमकी तीच. तेव्हा स्टेपनी वर हौद्यात आली. घरात एक कपाट हलवलं की दुसरं हलवावंच लागतं, हा नियम अमेरिकेतही लागू आहे. मग शेजारचे दोघं तगडे तरुण आले. हौद्याचे बोल्ट काढून पाच जणांनी तो मांडवासारखा उचलून बाजूला ठेवला. उघड्या चासीच्या दोन तुळयांमध्ये टाकी बसली. लोखंडी पट्ट्याखाली रबराची पट्टी, कारण धातूवर धातू घासला तर हजार मैलांत टाकी झिजते.

तुळयांच्या मध्येच का, बाहेर का नाही, असं मी विचारलं. १९७३ नंतरच्या काही ट्रकांत टाक्या तुळयांच्या बाहेर, दोन्ही बगलांना टांगलेल्या होत्या. बाजूनं धडक बसली तर त्या पेट घेतात, यावरून १९९० नंतरच्या वर्षांत अमेरिकेत फार मोठा वाद झाला, सरकारी चौकशी झाली. केबिनमधून बाहेर काढलं म्हणजे काम संपलं असं नसतं; बाहेर कुठे ठेवलं, हेही पाहावं लागतं. आईनं रॉकेलचा डबा जिन्यात न ठेवता गॅलरीच्या टोकाला का ठेवला, ते मला ईलीला कळलं.

टाकीच्या पोटात आडवे पडदे असतात. वळणावर पेट्रोल एका अंगाला धावून गाडी हेलकावू नये, म्हणून. वर तरंगणारा फ्लोट आणि त्याला जोडलेला विद्युतरोध. या सालच्या शेव्हरोलेटच्या काट्याला रिकाम्या टाकीसाठी शून्य आणि भरलेल्यासाठी नव्वद ओहम लागतात. दुसऱ्या जातीचा फ्लोट बसवला, तर काटा हालतो पण खोटं बोलतो. आमच्या जुन्या स्कूटरला काटाच नव्हता. पेट्रोल संपलं की ती तिरकी करायची, 'रिझर्व्ह'ला कळ फिरवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. ११० मैलांच्या ओसाड रस्त्यावर मात्र खरं बोलणारा काटाच हवा. टाकी रबरावर बसल्यामुळे चासीशी तिचा धातूचा संबंध राहत नाही, म्हणून अर्थिंगची वेगळी तार जोडावी लागते. ती तार बारा इंचांची, पण तिच्यावाचून काटा आंधळा.

मग नळ्या. मागून पुढे इंजिनावरच्या पंपापर्यंत पोलादी नळी, सायलेन्सरच्या नळीपासून लांबच्या बाजूनं, वीतभर अंतरावर चिमट्यांनी पक्की केलेली. सांध्यांपुरतं रबर, तेही आजच्या पेट्रोलला टिकणारं. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलात आता दहा टक्के अल्कोहोल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. गाडी कलंडली तरी पेट्रोल सांडू नये असा झडपेचा वायुमार्ग. आणि हौद्याच्या लाकडी तळाला भोक पाडून पेट्रोल भरायचं तोंड. या तोंडाची नळी सबंध उतरती हवी; मध्ये कुठे पोट आलं, की पेट्रोलपंपाची तोटी दर दोन घोटांना 'खट्' करून बंद पडते.

पाच गॅलन पेट्रोल ओतून आजोबांनी प्रत्येक सांधा कोरड्या कागदानं पुसला, तासभर थांबले, पुन्हा पुसला. कागद कोरडा. मग ते केबिनमध्ये जिथे टाकी होती त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले.

"तिचं डोकं दुखायचं," ते म्हणाले. पत्नीविषयी बोलताहेत, हे समजायला मला जरा वेळ लागला. "बर्फ पडत असलं तरी काच चार बोटं खाली. मी आत हीटर लावायचा आणि तिनं काच उघडायची. चाळीस वर्षं आमचं त्यावरून भांडण. मी म्हणायचो, तुला वहम आहे, ट्रक म्हटला की वास यायचाच."

जावई काही बोलले नाहीत. मीही नाही.

"हे दोन दिवसांचं काम आहे," आजोबा पाना पुसत म्हणाले, "हे मला तेव्हाही माहीत होतं."

एवढं बोलून ते पुन्हा गाडीखाली गेले आणि घट्ट असलेले बोल्ट पुन्हा आवळू लागले. मजुरीचा विषय काढला तेव्हा त्यांनी मान हलवली. मी बरोबर आणलेला चिवड्याचा डबा तेवढा ठेवून घेतला, आणि एक मूठ तोंडात टाकून "यात तिखट कोण घालतं?" असं विचारून दुसरी मूठ घेतली.

परत येताना जावई ट्रक चालवत होते, मी शेजारी. आमची दुसरी मोटार आजोबांच्या शेजारचा तरुण मागून आणत होता. त्याला सॅक्रामेंटोला बहिणीकडे जायचंच होतं. सीटमागच्या रिकाम्या जागेत आमच्या बॅगा, पाण्याचे कॅन आणि दोन रजया छान मावल्या होत्या. ऑस्टिनच्या घाटात, जवळजवळ साडेसात हजार फुटांवर, मी मुद्दाम काच पूर्ण वर केली आणि नाक लावून बसलो. नव्या चामड्याचा वास, जुन्या धुळीचा वास, माझ्याच स्वेटरचा वास, पेट्रोलचा नाही. काटा हळूहळू, प्रामाणिकपणे उतरत होता. फॅलनच्या पंपावरच्या पोरानं ट्रकाभोवती दोनदा प्रदक्षिणा घातली आणि शेवटी विचारलं, "तोंड कुठाय?" जावयांनी हौद्यातली फळी उचलून दाखवली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तो साखरपुड्याचा भाव होता.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मुलगी बाहेर आली. आधी तिनं सीटच्या मागे डोकं घातलं, मग खाली वाकून चासी पाहिली, मग गॅरेजातल्या बंबाकडे एकदा नजर टाकली. तरी तो बंब आणि गाडी एका छपराखाली नकोत, असा निकाल तिनं दिलाच, आणि ट्रक अंगणातच राहिला. त्या बाबतीत ती आजीवर गेली आहे. पण नंतर नऊ वर्षांच्या नातीला मध्ये घेऊन ती स्वतः गाडीत चढली आणि आम्ही सगळे आकाशकंदील आणायला निघालो. मी आणि सौ. मागून मोटारीत.

रात्री जावयांनी ईलीला फोन करून सुखरूप पोचल्याचं कळवलं, मंडळी गाडीत बसून फिरून आल्याचंही सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आजोबांनी विचारलं, "काच वर होती का?"

"वर होती," जावई म्हणाले.